बरणीतली तार

आमच्या घरात लोणच्याची एक मोठी काचेची बरणी होती, तिच्यात कधी लोणचं भरलं नाही. पडवीतल्या खोलीत, खिडकीखाली, ती रिकामीच ठेवलेली असे. आभाळात गडगडायला लागलं की हातातलं काम टाकून त्या खोलीत धावायचं, यंत्राच्या पाठीमागची तार पिळून काढायची आणि तिचं टोक बरणीत सोडायचं, हे काम माझ्याकडे होतं. वीज तारेवर उतरली तर यंत्रात शिरणार नाही, घरात पसरणार नाही, काचेत अडकून राहील, असं हे म्हणायचे. खरंच अडकते का ते मला माहीत नाही. ह्यांनाही नक्की माहीत नसावं, कारण हे सांगताना ते माझ्याकडे बघत नसत.

ह्यांचं मुरबाडच्या बाजारात रेडिओ आणि टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. पोट त्याच्यावर चालायचं. हौस मात्र वेगळी होती. लग्नानंतर काही वर्षांनी मुंबईला जाऊन त्यांनी परीक्षा दिली आणि घरबसल्या हवेतून बोलायचं सरकारी लायसन काढलं. त्याला हॅम रेडिओ म्हणतात, पण आम्ही घरात नुसतं 'सेट' म्हणायचो. दोन सेट होते. मोठा त्यांनी स्वतः पत्र्याच्या डब्यात जुळवलेला, त्याच्यावर पुण्याची, नाशकाची, कुठली कुठली माणसं रोज सकाळी बोलायची. लहान सेट जवळच्या बोलण्यासाठी, त्याचा जोडीदार हे खिशात घेऊन फिरायचे. मोठ्या सेटची तार घराच्या आढ्यापासून आंब्यापर्यंत ताणलेली होती. लहान सेटसाठी सागाला उंच बांबू बांधला होता, त्याच्या टोकावर ॲल्युमिनियमच्या काड्या. येणारेजाणारे विचारायचे, "वैनी, एवढ्या उंचावर कपडे कोण वाळत घालतं?" मी पदर तोंडाला लावून आत जायची.

मला तसं सगळ्याचंच भय. माझं माहेर खर्डीकडचं, रानालगतच्या पाड्यातलं. चौथीनंतर शाळा सुटली आणि माणसांत बोलायची सवय झालीच नाही. एकदा एक हवालदार चौकशीला आले होते. त्या दिवसांत शहरात कुठे काही झालं की अशा तारांची चौकशी व्हायची. ह्यांनी लायसन दाखवलं, त्यांनी चहा घेतला आणि जाताना म्हणाले, "ह्याच्यावर म्याच लागते का हो?" हे खूप हसले. मी दाराआड उभी होते. ते गेल्यावर हे म्हणाले, "अगो, लायसन माझ्या एकट्याचं हाय. तू फक्त ऐकायचं. बटण दाबायचं नाय. सरकारचा माणूस बसलेला असतो ऐकत." तेव्हापासून सेटजवळ गेले की मला तो सरकारचा माणूस दिसायचा. खाकी कपड्यातला, भिंतीला कान लावून बसलेला.

ऐकायला मात्र मी शिकले. हे दुकानात गेल्यावर सेट पुसताना, तांदूळ निवडताना मी ऐकत बसायची. त्या माणसांची तोंडं मी कधी पाहिली नव्हती, पण कुणाला सर्दी झालीय, कुणाचं घरात वाजलंय, ते मला आवाजावरून कळायचं. सेटवर ह्यांना वेगळंच नाव होतं, सरकारने दिलेलं, इंग्रजी अक्षरं आणि आकडा मिळून. आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत. हे नाव घेतलं तर चालेल का, असं माझ्या मनात यायचं, पण एकटी असतानाही माझ्या तोंडातून ते निघालं नाही.

ह्यांच्या आवाजाची एक खोड मला ठाऊक झाली होती. एरवी हे भरभर, शब्द गिळत बोलायचे. एका वैशाखात वीज इतकी जवळ आली की बरणीत सोडलेल्या तारेच्या टोकाला टिक, टिक असा आवाज होऊन निळ्या ठिणग्या उडायला लागल्या. तेव्हा हे खोलीतच होते. माझ्याकडे बघून एकेक शब्द सुटा करत, शाळेत धडा वाचल्यासारखं म्हणाले, "काही नाय होत. तू आत जा. काही नाय होत." मी आत गेले, पण मला कळलं की हा माणूस घाबरला की असा बोलतो.

आमच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न झालं ते घाटावर, ओतूरकडच्या घरात. माळशेज घाट चढून गेलं की तिचं गाव. पुढच्या वर्षी तिला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आमच्याकडे कुणी मोडत नाही. मी तयारीला लागले. मागच्या खोलीतली बाज नव्याने विणून घेतली. माझी जुनी सुती लुगडी धुऊन, उन्हात वाळवून दुपटी शिवली. अळीव, डिंक, शेकायला शेगडी. सासूबाई तेव्हा थकल्या होत्या, पण जीभ थकली नव्हती. त्या रोज ह्यांच्या मागे लागायच्या, "गणपती गेले रे, आता कसली वाट बघतोस? पितर लागायच्या आत लेक घरात आण. पितरांत बाळंतीण आणतात का कुणी?"

पण तिच्या सासरी काही ना काही निघत गेलं, आणि हे निघाले ते पितर लागायच्या आदल्या दिवशी. तिचे दिवस भरत आले होते. पहाटेच्या एसटीने जायचं आणि तिला घेऊन दुपारी परत यायचं, असं ठरलं. लहान सेटचा जोडीदार ह्यांनी पिशवीत टाकला. घाटात एक वळण आहे, तिथून खालचा आमच्याकडचा सगळा सपाट मुलूख उघडा दिसतो. हे म्हणाले, "त्या वळणावर गाडी आली की तुला सांगतो. तू ऐक फक्त, आन भात टाक."

दुपारपर्यंत ऊन कडक होतं. शेतातलं भात निसवून लोंब्या बाहेर आल्या होत्या, वारा अजिबात नव्हता. मग घाटाच्या बाजूने आभाळ काळं व्हायला लागलं. मी सूप घेऊन लहान सेटसमोर बसले होते. खिडकीतून डोंगर दिसत होता, बघता बघता तो दिसेनासा झाला. लाइट गेली, पण सेट गाडीच्या बॅटरीवर चालायचा, त्याचा लाल दिवा तसाच राहिला. माझे हात सुपात होते आणि नजर त्या दिव्यावर.

ह्यांचा आवाज आला तेव्हा मी दचकून सूप सांडलं. नेहमीसारखं त्यांनी आधी स्वतःचं सेटवरचं नाव सांगितलं, मग म्हणाले, "ऐक. रस्त्यावर दरड आलीय. एसटी अडकली. पोरीच्या पोटात कळा सुरू झाल्यात. धाकट्याची जीप खालून दरडीपर्यंत येईल का, विचार त्याला. तो येत असेल तर मी हिला दरड ओलांडून पलीकडे आणतो. नायतर इथे एक जीप उलटी ओतूरला निघालीय, तिच्यात बसवतो. तो जीपवाला जास्त वेळ थांबणार नाय. आज बटण दाब. दाब आन सांग मला."

दरवाजात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी अंगणात जाऊन माझ्या धाकट्या दिराला अशी हाक मारली की आख्ख्या वाडीला ऐकू गेली. दीर टोकावडे ते मुरबाड जीप चालवायचा. जेवता जेवता उठून, चावी हातात घेऊनच आला. "वैनी, गाडी तयार हाय. अर्ध्या तासात दरडीशी जातो. या म्हणा त्यांना."

"बोलव गो," सासूबाई म्हणाल्या. "लेक दारात आलीय, आता मागं काय फिरवायची? बाज विणून ठेवलीस ती कोणासाठी?"

तेवढ्यात गडगडलं. जवळ, घाटाच्या पायथ्यालाच. आणि माझ्या हातांनी मला न विचारता त्यांचं रोजचं काम केलं. सेटच्या पाठीमागची तार पिळून काढली आणि बरणीत सोडली. लाल दिवा चालू होता, पण सेट मुका झाला.

"हे काय केलंत?" दीर ओरडला.

बरणीत टिक झालं. मग पुन्हा टिक. आम्ही तिघं त्या बरणीकडे बघत राहिलो. दीर एवढा पावसापाण्यात गाडी मारणारा, तो दोन पावलं मागे सरला. "वैनी, मी हात लावणार नाय हां. ते भाऊच्या नि तुमच्यातलं हाय."

मला रडू येत होतं. तार जोडली नाही तर ते तिथे वाट बघत राहणार आणि ओतूरची जीप निघून जाणार. जोडली आणि वीज उतरली तर हे घर, ही म्हातारी, मी. आणि जोडून सांगायचं काय? या? दीर म्हणाला, "मी माणसं आणतो बरोबर, उचलून आणू तिला. दरडी काय, दर साली पडतात." त्याचं खोटं नव्हतं. दरड पडली की आमच्याकडची माणसं गाठोडी डोक्यावर घेऊन तिच्यावरून चालत जातात. मीही एकदा गेले होते. पायाखालचे दगड हलत होते आणि वरून बारीक खडे येत होते. पण तेव्हा माझं पोट रिकामं होतं.

मी पदराने हात पुसला. ओला हात लावायचा नाही, हे ह्यांनी शिकवलं होतं. बरणीतून तार बाहेर काढली. टिकटिक थांबलेली होती, ती थांबलेली असतानाच काढली एवढंच. सेटच्या मागे तिचं टोक घालताना ते बसेना. बसलं तेव्हा सेटमधून एकदम खरखर आली आणि तिच्यात ह्यांचा आवाज.

"…ऐकत असशील तर सांग. दरड लहानच आहे. माणसं ओलांडतायत. काही नाय होत. हळूहळू आणतो मी हिला. काही नाय होत."

एकेक शब्द सुटा. शाळेत धडा वाचल्यासारखा.

सासूबाईंना त्यात काही वेगळं वाटलं नाही. दिराला वाटलं नाही. तो म्हणाला, "बघा, भाऊ बी म्हणतो लहान हाय. सांगा या म्हणून." पण मला त्या आवाजाच्या पाठीमागचं सगळं दिसलं. वरून येणारे खडे दिसले, पाणी दिसलं, मुलीने ह्यांचा दंड धरलेला दिसला.

मी बटण दाबलं. त्यांचं सेटवरचं नाव मला पाठ होतं, पण ते आलं नाही. दुसरं नाव तर येणारच नव्हतं. मी म्हणाले, "अहो."

बटण सोडलं. नुसती खरखर. मग ह्यांचा आवाज, भरभर, रोजच्यासारखा. "तू? अगो, बोल, बोल."

"अहो, तिला आणू नका."

"धाकटा नाय का?"

"हायत भावजी. गाडी हाय. पण तुमी आणू नका. परत न्या. ओतूरला न्या तिला."

मग आवाज आला तो मुलीचा होता. तिने यंत्र बापाच्या हातातून घेतलं असणार. "आये," ती म्हणाली, "आये, मला घरी यायचंय." लहानपणी ताप आला की ती असंच रडायची.

मी पुन्हा बटण दाबलं. काय बोलले ते मला नीट आठवत नाही. नको येऊ म्हणाले. बाबा हायत ना, जा म्हणाले. कशाला एवढ्या कठोरपणे बोलले, असं मग कितीतरी दिवस मनात येत राहिलं. बटण सोडलं तेव्हा ती बोलत होती, "पण आये, तू तिथं…" आणि खिडकी पांढरी झाली. आवाज त्याच्याबरोबरच आला. मी तार ओढली. या वेळी हातांनी नाही, मी ओढली. बरणीत टाकली आणि भिंतीशी जाऊन बसले. बरणी किती वेळ टिकटिक करत राहिली.

दीर चावी फिरवत थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या तोंडून आजवर शब्द नाय निघाला गो. आन निघाला तो हा."

पाऊस थांबल्यावर मी तार जोडून बसले. लहान सेटवर काही आलं नाही. घाटाच्या पलीकडे गेलं की त्याचा आवाज इकडे येत नाही, हे मला माहीत होतं, तरी बसले. पोस्टातला फोन बंद पडला होता. घाट बंद होता. दुसऱ्या दिवशी दीर दरडीपर्यंत जाऊन आला. म्हणाला, "आमच्या बाजूने चाललेत काम करायला. एसटी तिथे नाय आता." मी विचारलं, "दरड केवढी हाय?" तो म्हणाला, "आता काय सांगू, पुन्हा थोडी आलीय वरून. पण काल माणसं गेली हो चालत. गेली." हे त्याने दोनदा सांगितलं. माणसं गेली, हे खरंच होतं. आमच्या वाडीतलाच एक जण गेला होता. तो सांगत होता, काही नव्हतं तितकं.

मग ती घरी येऊ शकली असती. हा विचार डोक्यात बसला की मला मागच्या खोलीत जाववेना. आणि दुसरा विचार त्याच्याहून वाईट. ती जीप गेली का? ते तिच्यात बसले का? माझ्या नाही म्हणण्याने ते तिथेच अडकले असतील, ना या तीरावर ना त्या, आणि रस्त्यावरच तिला… मी तो विचार पुरा करायची नाही. भाकरी थापताना मध्येच हात थांबायचे. घरात पितरांच्या जेवणाची तयारी चालली होती आणि सासूबाई माझ्याशी बोलत नव्हत्या.

त्यानंतरच्या दिवशी सकाळी मी मोठा सेट लावला. हे मला तसं कधी सांगून गेले नव्हते, पण ह्यांची ती सकाळची मंडळी बोलायची वेळ झाली होती आणि मला माणसांचे आवाज हवे होते. ती बोलतच होती. कुणी तरी म्हणालं, "मुरबाडकर दिसत नाहीत दोन दिवस." आणि मग एक आवाज आला, जुन्नरकडच्या एका मास्तरांचा. मी तो ओळखायची, ते नेहमी बोलण्याआधी घसा साफ करायचे.

घसा साफ करून ते म्हणाले, "मुरबाडच्या घरासाठी निरोप आहे. ते स्वतः काल माझ्याकडे येऊन गेले. मुलगी झाली. ओतूरच्या दवाखान्यात. आई आणि बाळ, दोघी बऱ्या आहेत. घरी कुणी ऐकत असेल तर कळवा." थोडं थांबून त्यांनी पुन्हा तेच सगळं सांगितलं.

मी टेबल धरून उभी होते.

"कुणी ऐकलं का? नाशिक, तुम्हाला मुरबाडचं काही येतंय?"

"नाही मास्तर. घरी कोण ऐकणार? त्यांच्या घरचे सेटला हात लावत नाहीत म्हणतात."

"बिचारे फार काळजीत होते हो. घरी कळलंय का, तेवढंच विचारत होते." आणि त्यांनी तिसऱ्यांदा निरोप सांगायला घेतला. तो संपल्यावर म्हणाले, "मुरबाड, ऐकत असाल तर काही तरी बोला. काहीही."

मी बोलायचं यंत्र हातात घेतलं आणि बटण दाबलं. तोंड उघडलं. काही आलं नाही. तो सरकारचा माणूस होता, ही सगळी परकी पुरुषमाणसं होती, आणि मी बटण दाबून नुसती उभी होते. अंगणात कोंबडा आरवला.

घाबरून मी बटण सोडलं.

"हे काय?" नाशिकवाले म्हणाले. "मास्तर, कोंबडा आला का तुम्हाला?"

"आला. स्वच्छ आला. माझ्याकडे कोंबडा नाही."

"माझ्याकडेही नाही. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो."

"मग तो मुरबाडचाच. मुरबाड, ऐकलंय तुम्ही. पुन्हा एकदा सांगा, म्हणजे ओतूरला त्यांना तसं कळवतो."

मी पुन्हा बटण दाबलं. या वेळी सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या. दोन दिवसांत पहिल्यांदा त्या माझ्याशी बोलल्या. "काय झालं गो? काय म्हणतात ते? सांग ना, अशी काय उभी?"

मी त्यांच्याकडे वळून मोठ्याने म्हणाले, "मुलगी झाली. दवाखान्यात झाली. दोघी बऱ्या हायत, आई. दोघी हायत."

आणि मग माझं लक्ष अंगठ्याकडे गेलं. तो बटणावरच होता.

मी तो उचलला. सेटमधून तीन-चार गावचे पुरुष एकदम बोलत होते, हसत होते, एकमेकांवर चढत होते. त्यातून मास्तरांचा आवाज वर आला. "ऐकलं, ताई. सगळ्यांनी ऐकलं. दुपारी त्यांना कळवतो. स्टेशनचं नाव तेवढं एकदा सांगा, रीत आहे म्हणून."

मला ते नाव पाठ होतं. मी सेटमागची तार पिळून काढली आणि बरणीत सोडून दिली. आभाळात एक ढग नव्हता.